कोरोनात मदत कुणाला मिळाली? ज्याचं नाव यादीत होतं त्याला

इंग्लंडमधल्या छोट्या दुकानदाराला 2020 च्या लॉकडाउनमध्ये तिथल्या पालिकेकडून 10,000 पाउंड मिळाले, परत करायचे नाहीत, व्याज नाही काही नाही, आणि आपल्याकडे हातगाडीवाल्याला मिळालं 10,000 रुपयांचं कर्ज. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोक लगेच म्हणतात तिकडचं सरकार दिलदार आणि आपलं कंजूष. श्रीमंत देश आणि आपण यात फरक आहेच, तो कुठे जाणार. पण हे पैसे नेमके कुणाच्या खात्यात पडले आणि कोण कोरडा राहिला हे बघायला गेलं तर सगळीकडे एकच गोष्ट दिसते, इंग्लंड घ्या, अमेरिका घ्या नाहीतर महाराष्ट्र घ्या: ज्याचं नाव आधीपासून कुठल्यातरी सरकारी यादीत होतं त्याच्यापर्यंत मदत पोचली, मग त्याचं नुकसान कमी झालेलं असो की जास्त. आणि ज्याचं नाव नव्हतं त्याचं दुकान पूर्ण बसलं तरी तो रांगेतच.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण बातम्यांमध्ये सगळ्यालाच "पॅकेज" म्हणतात. अनुदान म्हणजे दिलेले पैसे, परत मागत नाहीत. कर्ज म्हणजे परत करायचे, व्याजात सूट असली तरी मुद्दल फेडावंच लागतं. हमी म्हणजे सरकार स्वतः एक रुपया देत नाही, बँकेला फक्त सांगतं की तू दे, याने बुडवलं तर मी बघतो. आणि हप्ता पुढे ढकलणं, म्हणजे आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 दिलं तसं मोरेटोरियम, त्यात तर काहीच मिळत नाही, फक्त देणं लांबतं आणि त्या काळाचं व्याज चढतच राहतं (व्याजावरचं व्याज नंतर 2 कोटीपर्यंतच्या कर्जांना परत दिलं, पण ते कोर्टात प्रकरण गेल्यावर). पॅकेजचा आकडा ऐकला की त्यातलं अनुदान किती आणि हमी किती हे पहिलं विचारायचं, नाहीतर 20 लाख कोटी ऐकून आपण आपले खूश.

आता इंग्लंडचं बघू, कारण स्थानिक पालिकेने अनुदान वाटायचं म्हणजे काय हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. मार्च 2020 मध्ये सरकारला घाई होती. लाखो धंद्यांना पैसे द्यायचेत पण छोटी दुकानं कुठे आहेत, कोण चालवतं, हे लंडनमधल्या मंत्रालयाला काय माहीत? पालिकांना, म्हणजे तिकडच्या कौन्सिलना माहीत होतं. कारण तिथे बिझनेस रेट्स नावाचा टॅक्स असतो, दुकान, ऑफिस, गोडाऊन असल्या जागांवर, आणि गंमत म्हणजे तो साधारणपणे जागेचा मालक भरत नाही, जो जागा वापरतो तो भरतो. म्हणजे भाडेकरू दुकानदाराचं नाव, पत्ता, जागेची किंमत सगळं कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये बसलेलं. हा एक छोटासा टॅक्सचा नियम, पण पुढे सगळं त्याच्यावर चाललं. केंद्राने पैसे दिले, नियम दिले आणि इंग्लंडमधल्या तीनशेच्या वर कौन्सिलना सांगितलं की वाटा.

नियम काय होता? प्रत्येक जागेची एक रेटेबल व्हॅल्यू असते, म्हणजे त्या जागेचं वर्षाचं भाडं साधारण किती येईल याचा सरकारी अंदाज, आपल्या घरपट्टीत करपात्र मूल्य असतं त्यातलाच प्रकार. जे छोट्या धंद्याची टॅक्ससवलत घेत होते, म्हणजे साधारण 15,000 पाउंडाच्या आतली व्हॅल्यू असलेले, त्यांना सरसकट 10,000 पाउंड. रिटेल, हॉटेल, पब, करमणूक असल्या धंद्यांत व्हॅल्यू 15,000 च्या वर पण 51,000 च्या खाली असेल तर 25,000 पाउंड. आणि 11 मार्च 2020 ला तुम्ही यादीत असायला हवं. बास, एवढंच. नुकसान किती झालं, विक्री किती पडली, गल्ल्यात किती शिल्लक आहे, काहीही विचारलं नाही.

याचा फायदा उघड आहे, वेग. फॉर्म छोटा, तपासायला फारसं काही नाही, पैसे आठवड्यांत जायला लागले. एक अडचण मात्र मजेशीर होती. 12,000 पाउंडाच्या आतल्या व्हॅल्यूच्या बहुतेक छोट्या धंद्यांना सवलतीमुळे टॅक्स शून्य यायचा, मग त्यांनी कौन्सिलला कधी पैसेच भरलेले नाहीत, आणि पैसे भरलेले नाहीत म्हणून त्यांचा बँक अकाउंट नंबर कौन्सिलकडे नाही! नाव आहे, पत्ता आहे, द्यायचे पैसे आहेत, खातं माहीत नाही. मग पत्रं पाठवा, ऑनलाइन फॉर्म भरून घ्या.

आणि तोटा? तोही तितकाच उघड. ज्याचं छोटं ऑफिस आहे आणि धंदा ऑनलाइन, लॉकडाउनमध्ये उलट वाढलेला, त्यालाही 10,000 पाउंड, कारण तो यादीत. आणि लंडनमध्ये जिथे भाडीच आभाळाला टेकलेली तिथला छोटासा कॅफे, व्हॅल्यू 51,000 च्या वर गेली की हातात शून्य. 50,999 ला 25,000 पाउंड आणि 51,000 ला काही नाही, मधे उतार वगैरे भानगड नाही, सरळ कडाच. असे कडे सरकारी योजनांमध्ये सगळीकडे असतात आणि ते मुद्दाम कुणी वाईट हेतूने ठेवत नाही, सोपा नियम पाहिजे म्हटलं की कुठेतरी रेघ ओढावी लागते, पण रेघेच्या पलीकडे दोन पाउंडांनी पडलेल्या माणसाला हे समजावून सांगा बघू.

त्याहून वाईट हालत ज्यांचं नाव रजिस्टरमध्येच नाही त्यांची झाली. बाजारात स्टॉल लावणारे. एका मोठ्या इमारतीत सात-आठ जण मिळून जागा वापरतात, टॅक्स इमारतवाला भरतो आणि भाड्यात लावून घेतो, असे सगळे. घरातल्या खोल्या पाहुण्यांना देणारे, जे घराचा टॅक्स भरतात, धंद्याचा नाही. यांचा धंदा खरा, नुकसान खरं, पण कौन्सिलच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नाहीत. बोंब झाली तेव्हा मे 2020 मध्ये सरकारने 617 दशलक्ष पाउंडांपर्यंतचा वेगळा निधी जाहीर केला आणि म्हटलं की हा कुणाला द्यायचा ते कौन्सिलने आपल्या अकलेने ठरवावं. नंतर नोव्हेंबरमध्ये डोकी मोजून, माणशी 20 पाउंड धरून, 1.1 अब्ज पाउंडांचा आणखी एक निधी असाच कौन्सिलच्या हाती दिला.

इथून खरा गुंता सुरू होतो. कारण आता यादी नाही, म्हणजे नुकसान मोजावं लागणार. आणि नुकसान मोजणं हे ऐकायला सोपं वाटतं, गेल्या वर्षी याच महिन्यात किती विक्री होती, या वर्षी किती, वजाबाकी करा. पण ज्याने जानेवारी 2020 ला दुकान उघडलं त्याचं गेलं वर्षच नाही. ज्याचा सगळा धंदा सीझनचा त्याचा कुठला महिना धरणार. ज्याची विक्री निम्मी झाली पण भाडं घरचं, नोकर नाही, आणि ज्याची वीस टक्केच पडली पण डोक्यावर भाडं, पगार, बिलं, यात जास्त गरज कुणाला? म्हणून बरेच ठिकाणी विक्रीसोबत ठरलेला खर्च पण विचारला गेला, म्हणजे दुकान बंद असो की चालू जो खर्च होतोच तो. आणि एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही ती म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं टॅक्स वाचवायला विक्री कमी दाखवली त्यांना आता कागदावर घट दाखवताच येईना, कारण कागदावर आधीच काही नव्हतं. ही गोष्ट कुठल्याही देशात खरी आहे आणि आपल्याकडे तर विचारूच नका.

अमेरिकेत अजून वेगळी मजा. मार्च 2020 च्या केअर्स कायद्यात, म्हणजे कोरोना मदतीच्या कायद्यात, राज्यांना आणि स्थानिक सरकारांना 150 अब्ज डॉलर दिले, 5 लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं आणि काउंट्या थेट केंद्राकडून घेऊ शकत होत्या, बाकीच्यांनी राज्याच्या तोंडाकडे बघायचं. यातून छोट्या धंद्यांना बंदमुळे झालेल्या नुकसानीचं अनुदान देता येत होतं. अट अशी की खर्च 30 डिसेंबर 2020 च्या आतला पाहिजे. आता काउंटी म्हणजे काय, आपल्या जिल्ह्यासारखी यंत्रणा, तिने आयुष्यात कधी दुकानदारांना अनुदान वाटलेलं नाही, नियम बनवा, वेबसाइट बनवा, अर्ज तपासायला माणसं आणा, यात महिने जातात आणि वर्षअखेर समोर येते. मुदत एक वर्षाने वाढवली गेली ती 27 डिसेंबरला, म्हणजे संपायच्या तीन दिवस आधी. सरकारी मुदतवाढ ऐनवेळीच का येते हा आपल्यालाच पडणारा प्रश्न नाही हे बघून जरा बरं वाटलं. 2021 च्या दुसऱ्या मोठ्या निधीत, 350 अब्ज डॉलरच्या, हे थोडं सुधारलं, पैसे कुठे द्यायचे ते ठरवायला 2024 अखेरपर्यंत आणि खर्चायला 2026 अखेरपर्यंत मुदत दिली.

पैसे कमी आणि अर्ज जास्त असले की करायचं काय? "आधी येईल त्याला आधी" हा नियम दिसायला न्याय्य, पण ज्याच्याकडे अकाउंटंट आहे, फास्ट इंटरनेट आहे, इंग्रजी फॉर्म पटकन वाचता येतो तो आधी येतो, आणि ज्याला सगळ्यात गरज तो दुपारी दुकान आवरून फॉर्म उघडतो तोपर्यंत पोर्टल बंद. म्हणून शिकागोने 2020 मध्ये अगदी छोट्या धंद्यांसाठी, चारपर्यंत कामगार असलेल्या, 5,000 डॉलरची 1,000 अनुदानं सरळ लॉटरी काढून दिली. लॉटरी म्हटलं की आपल्याला ते बेजबाबदार वाटतं, पण मला वाटतं सगळ्यांना पुरणार नाही हे प्रामाणिकपणे मान्य केलं की लॉटरी ही पहाटे उठून रिफ्रेश दाबण्याच्या शर्यतीपेक्षा बरी.

आता आपल्याकडे. पहिला प्रश्न लोक हा विचारतात की आपल्या महापालिकांनी का नाही दिलं. सरळ उत्तर, द्यायला काय आहे? देशातल्या सगळ्या नगरपालिका-महापालिकांचं मिळून उत्पन्न जीडीपीच्या 1 टक्क्याच्या आसपास. महाराष्ट्रात आधी जकात होती, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, मुंबईची जकात 2017 ला जीएसटी आल्यावर संपली, आता राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर आणि घरपट्टीवर गाडा. पण एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही, कारण इंग्लंडच्या कौन्सिलकडे तरी कुठे पैसे होते, ते केंद्रानेच दिले. समजा आपल्या केंद्राने किंवा राज्याने पैसे दिलेच असते तरी पालिकेने कुठली यादी काढली असती? घरपट्टीच्या रजिस्टरला मालकाचं नाव असतं. भाडेकरू दुकानदार कुठे भोगवटादार म्हणून लागलेला असतो, कुठे नसतो, आणि लागलेला असला तर बरेचदा तो माणूस जाऊन त्याच्या जागी तिसराच कुणीतरी आलेला असतो. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, म्हणाल तर 2017 च्या नव्या कायद्याने तेव्हा 10 पेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीच नको होती, फक्त ऑनलाइन एकदा कळवायचं, आणि तेही बहुतेक ठिकाणी कामगार खात्याकडे. दुकानदाराचा त्रास वाचावा म्हणून केलेली सोय, आणि चांगलीच सोय, पण त्यामुळे यादीही तितकीच पातळ.

मग केंद्राने दुसऱ्यांच्या याद्या वापरल्या. मे 2020 मध्ये 3 लाख कोटींची हमी योजना आली, ईसीएलजीएस नावाची. 29 फेब्रुवारी 2020 ला तुमचं जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या 20 टक्के आणखी कर्ज, तारण नाही, पहिलं वर्ष मुद्दल नाही, सरकारची 100 टक्के हमी. वाचताना छान वाटतं. पण परत वाचा, जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या 20 टक्के. म्हणजे ज्याने कधी बँकेचं कर्ज घेतलंच नाही, घरच्या पैशावर आणि उधारीवर धंदा केला, त्याच्या शून्याचे 20 टक्के शून्य. इथे यादी बँकेची होती, बाकी तत्त्व तेच.

फेरीवाल्यांसाठी मात्र पालिकाच मधे होती. पीएम स्वनिधी, 1 जून 2020 ला सुरू झाली, पहिलं कर्ज 10,000, वेळेत फेडलं तर 20,000, मग 50,000, आणि व्याजात 7 टक्के सूट थेट खात्यात. पात्र कोण, तर 24 मार्च 2020 ला किंवा त्याआधीपासून जो धंदा करत होता तो. हे सिद्ध कसं करायचं? ज्याच्याकडे पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र आहे त्याला प्रश्न नाही. पण 2014 च्या पथविक्रेता कायद्यात सर्व्हे करा, समिती नेमा, प्रमाणपत्र द्या असं सगळं लिहिलेलं असूनही कितीतरी शहरांत हे अर्धवटच पडून होतं. म्हणून योजनेत एक खिडकी ठेवली होती आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली तीच सगळ्यात शहाणपणाची गोष्ट: सर्व्हेत नाव नसलं तरी पालिकेकडून शिफारस पत्र घ्यायचं. त्यासाठी संघटनेचं सभासदत्व चालेल, धंद्याचा दुसरा काही पुरावा चालेल, तेही नसेल तर साध्या कोऱ्या कागदावर अर्ज करा, पालिका जागेवर येऊन चौकशी करेल, आणि 15 दिवसांत निकाली काढायचं. आणखी एक पुरावा चालत होता, लॉकडाउनमध्ये राज्य सरकारने एकदा दिलेल्या मदतीचा कागद. म्हणजे एक मदत मिळाली की ती पुढच्या मदतीचा पुरावा होते, आणि पहिली हुकली की दुसरीलाही अडचण.

महाराष्ट्रात थेट रोख मदतही झाली, ती विसरायला नको. एप्रिल 2021 मध्ये कडक निर्बंध लागले तेव्हा राज्याने 5,476 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात 5 लाख नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि 12 लाख परवानाधारक रिक्षाचालकांना 1,500 रुपये. रक्कम किती छोटी यावर तेव्हा भरपूर बोलून झालंय. माझं लक्ष त्या दोन शब्दांकडे, "नोंदणीकृत" आणि "परवानाधारक". रिक्षाचं परमिट एकाच्या नावावर आणि शिफ्टवर चालवणारा दुसरा, हे कुठल्याही शहरात बघा. निर्बंधात रोजची कमाई गेली शिफ्टवाल्याची, 1,500 गेले परमिटवाल्याच्या आधार लिंक खात्यात. कर्नाटकाने 2020 मध्ये न्हावी, धोबी, रिक्षा-टॅक्सीवाले यांना 5,000 रुपये जाहीर केले होते, तिथेही तुम्ही न्हावी आहात हे दाखवणारा कागद काय हा प्रश्न होताच, दुकानात कात्री घेऊन उभा असलेला माणूस पोर्टलला दिसत नाही.

बरं, मग तपासणीशिवाय वाटून टाकावं का? त्याचाही हिशोब इंग्लंडमध्ये झाला. सगळ्या योजना मिळून कौन्सिलनी 22.6 अब्ज पाउंड वाटले आणि त्यात चुकीने किंवा फसवणुकीने गेलेले साधारण 1.1 अब्ज असा अंदाज निघाला, म्हणजे 5 टक्क्यांच्या जवळ. बंद पडलेल्या धंद्यांच्या नावाने अर्ज, एकाच जागेवर दोघांचा दावा, असले प्रकार. त्यातला अगदी थोडाच भाग परत आला, कारण ज्या कौन्सिलने वाटले तिलाच वसुली करायची आणि वसूल झालेला पाउंड केंद्राकडे जाणार, मग कोण कशाला मागे लागेल. मला विचाराल तर आपत्तीत 5 टक्के गळती ही घाईची किंमत आहे आणि ती परवडते, पण हे आधी सांगून ठेवायला लागतं, नाहीतर दोन वर्षांनी ऑडिटवाले येतात आणि ज्या कारकुनाने रात्री बसून पैसे सोडले त्यालाच नोटीस जाते. त्याला हे माहीत असतं, म्हणून पुढच्या वेळी तो चार कागद जास्त मागतो, आणि आपण म्हणतो सरकारी लोक मुद्दाम अडवतात. आणि मिळालेलं अनुदान तिकडे धंद्याचं उत्पन्न धरून त्यावर टॅक्सही लागतो, हे कितीतरी जणांना रिटर्न भरताना कळलं.

आज आपल्याकडे यादीत यायचे रस्ते पूर्वीपेक्षा जास्त आहेत हे खरं. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्यांची केंद्र सरकारकडची नोंदणी, फुकट आहे, आधारवर होतं, आणि त्यासाठी पैसे मागणारी खाजगी वेबसाइट दिसली तर बंद करून टाका. ज्यांच्याकडे पॅन-जीएसटीसुद्धा नाही अशा अगदी छोट्या धंद्यांसाठी 2023 पासून उद्यम असिस्ट आहे, ते बँक किंवा फायनान्स कंपनीमार्फत होतं. स्वनिधीची मुदत ऑगस्ट 2025 मध्ये मार्च 2030 पर्यंत वाढवली, पहिलं कर्ज आता 15,000, दुसरं 25,000, तिसरं 50,000 तसंच. फेरीवाला असाल आणि सर्व्हेत नाव नसेल तर पालिकेत नगर पथविक्रेता समितीचं काम कोण बघतं ते विचारा आणि शिफारस पत्रासाठी लेखी अर्ज द्या, तोंडी नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा, आणि ती प्रत लॅमिनेट करू नका, झेरॉक्स मारताना चमकते आणि नंबर वाचता येत नाही.